वसईत फळ भाजण्याचा इतिहास: पोर्तुगीज भट्टी, केळीचे पान आणि फ्रेंच गॅलेट

१/
गॅलेट हा फ्रान्सच्या ग्रामीण स्वयंपाकघरातला साधा पदार्थ. गव्हाच्या पिठात थंड लोणी चोळायचे, पोळी लाटायची, मध्यभागी फळांच्या फोडी मांडायच्या, कडा हाताने आत दुमडायच्या आणि सारे भट्टीत भाजायचे. साचा लागत नाही, आकार काटेकोर नसतो. आज वसई-विरारच्या असंख्य घरांत ओव्हन आहे आणि हा पदार्थ तासाभरात होतो.

२/
मात्र इतिहासाच्या दृष्टीने एक कोडे उरते. वसईवर पोर्तुगीजांची सत्ता दोनशेहून अधिक वर्षे होती. भट्टी आली, गव्हाचा पाव आला, दालचिनी आणि साखर हाताशी होती, फळांच्या बागा तर दारातच होत्या. तरीही फळ भरून भाजलेली गव्हाची पोळी वसईच्या घराघरांत का रुजली नाही? आणि तिच्या जागी काय होते? हा धागा त्याविषयी.

३/
प्रथम सत्तेचा काळ निश्चित करू. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तहान्वये वसई आणि तिच्या अखत्यारीतील प्रदेश पोर्तुगीजांच्या हवाली केला. त्यांच्या बाजूने गव्हर्नर नुनो द कुन्या होता. पुढे वसई पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताची राजधानी झाली. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने किल्ला जिंकला आणि हा अध्याय संपला. एकूण काळ सुमारे २०५ वर्षांचा.

४/
पोर्तुगीजांना गहू केवळ जिभेसाठी नको होता. कॅथलिक उपासनेत मिस्सेसाठी लागणारी भाकर गव्हाचीच असावी, असा चर्चचा दंडक आहे. तांदूळ तिथे चालत नाही. म्हणजे जिथे चर्च उभे राहिले, तिथे गहू पोहोचणे अपरिहार्य होते. वसईच्या किनारपट्टीची दमट हवा आणि भाताची खाचरे गव्हाला मानवणारी नव्हेत. त्यामुळे हे धान्य बाहेरून यायचे आणि बाहेरून येणारे धान्य महाग पडायचे.

५/
पाव फुगवण्यासाठी लागणारे आंबवण मात्र येथेच मिळाले. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर ताडी हेच यीस्ट ठरले. ताडीत नैसर्गिक किण्व असते आणि ती पिठात घातली की पीठ चढते. गोव्याच्या पोदेरांनी हीच युक्ती शतकानुशतके वापरली. ‘पोदेर’ हा शब्द पोर्तुगीज ‘पादेइरो’ म्हणजे पाववाला यावरून आला आणि खुद्द ‘पाव’ हा शब्दही ‘पाँव’ या पोर्तुगीज शब्दाचे मराठी रूप आहे.

६/
ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांतले ‘फुगे’ याच परंपरेतले. पूर्वी ताडीने आंबवलेले सैल पीठ मुठीतून पिळून तेलात सोडले जाई. भट्टी नसली तरी आंबवलेल्या गव्हाची चव घेण्याचा हा मार्ग होता. येथेच एक सूत्र दिसते: पदार्थाची कल्पना परकी, पण तिला मूर्त करणारे साधन स्थानिक. कढई घरात होती, भट्टी नव्हती.

७/
आता फळांकडे वळू. इटालियन प्रवासी जेमेली करेरी १६९५ मध्ये वसईत आला. किल्ल्याबाहेर मैलोन्‌मैल पसरलेल्या बागांचे त्याने कौतुकाने वर्णन केले आहे: माड, आंबे, ‘अंजिरे’ आणि भरपूर ऊस. यंत्रांनी पाणी देऊन या बागा बाराही महिने हिरव्या ठेवत, असे तो नोंदवतो. निरनिराळ्या धर्मांचे शेतकरी त्या कसत आणि उन्हाळ्यात प्रतिष्ठित पोर्तुगीज कुटुंबे तेथे हवा खायला जात.

८/
या वर्णनातली ‘अंजिरे’ वाचताना सावध राहायला हवे. त्या काळचे युरोपीय लेखक केळ्याला अनेकदा ‘हिंदी अंजीर’ म्हणत. वसईच्या बागाईतीचे स्वरूप पाहता करेरीची अंजिरे म्हणजे केळीच होत, हा अर्थ सर्वाधिक सयुक्तिक ठरतो. जुने दस्तऐवज वाचताना एका शब्दाचा अर्थ चुकला, तर एका गावाची संपूर्ण शेती चुकीची समजली जाते.

९/
हेच ‘अंजीर’ आणखी एका थोर ग्रंथात भेटते. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्येच हिंदुस्थानात आला. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे पट्ट्याने होते, त्यामुळे हा किनारा त्याच्या परिचयाचा होता. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या त्याच्या वनस्पती आणि औषधींवरील संवादग्रंथात एक संपूर्ण संवाद केळ्यावर आहे.

१०/
त्यात तो सांगतो की केळी भाजून दारूत घालतात, वर दालचिनी भुरभुरतात आणि मग ती भाजलेल्या क्विन्स फळासारखी, किंबहुना त्याहून सरस लागतात. क्विन्स हे नाशपातीच्या जातकुळीतले, आंबट आणि शिजवूनच खाण्याजोगे युरोपीय फळ. मायदेशाच्या चवीची आठवण काढणारा माणूस समोरच्या केळ्यात ती चव शोधत होता. फळ, उष्णता आणि दालचिनी: गॅलेटच्या पोटात जे असते, ते सारे १५६३ मध्येच या किनाऱ्यावर एकत्र आले होते. नव्हते ते फक्त गव्हाचे आवरण.

११/
हे आवरण का नव्हते? पहिले कारण लोण्याचे. गॅलेटच्या कवचाचा खुसखुशीतपणा पिठात अखंड राहिलेल्या थंड लोण्याच्या कणांवर अवलंबून असतो. भट्टीत ते वितळतात, त्यांतील पाण्याची वाफ होते आणि पदर सुटतात. लोणी ३२ ते ३५ अंश सेल्सियसला वितळते. कोकणच्या उन्हाळ्यात ते पिठात मिसळतानाच पाघळते. म्हणून येथे लोणी साठवले गेले ते कढवून, तुपाच्या रूपात.

१२/
दुसरे कारण पिठाच्या स्वभावाचे. गव्हाच्या पिठात पाणी पडले की ग्लूटेन नावाचे चिवट जाळे तयार होते. त्या जाळ्यामुळे पोळी लाटता येते, दुमडता येते आणि फळांचा भार ती साच्याविना तोलून धरते. तांदळाच्या पिठात ग्लूटेन नसते. ते थंड पाण्यात भिजवून लाटू गेल्यास तडकते. उकड काढली तर मोदकाची पारी होते, पण ती वाफेसाठी उत्तम, भाजण्यासाठी नव्हे.

१३/
तिसरे कारण इंधनाचे आणि वास्तूचे. घुमटाकार भट्टी तापवायला पुष्कळ लाकूड आणि बराच वेळ लागतो. एका कुटुंबाच्या चार भाकऱ्यांसाठी ती पेटवणे परवडत नाही. युरोपातही अनेक खेड्यांत भट्टी सामाईक असे. वसईत भात शिजवायला चूल पुरे होती. भट्टी राहिली ती पाव विकणाऱ्याची; घरात ती आली नाही.

१४/
चौथे कारण सर्वांत खोल आहे आणि ते स्वयंपाकघराबाहेरचे आहे. वसई, गोवा आणि उत्तर कोकणात एक कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते: परक्यांनी गावाच्या विहिरीत पाव टाकला, लोक ते पाणी प्याले आणि मग त्यांना त्यांच्याच जातबांधवांनी ‘बाटले’ म्हणून दूर लोटले.

१५/
ही कथा शब्दशः घडलेला प्रसंग म्हणून स्वीकारणे अवघड आहे. धर्मांतरे अनेक मार्गांनी झाली. त्यांत मिशनऱ्यांचे कार्य होते, राज्यसत्तेचा दबाव होता, सवलतींचे आमिष होते, आणि मनापासूनची श्रद्धाही होती. परंतु कथेतले एक सत्य दुर्लक्षिण्याजोगे नाही. तिच्यात माणसाला धर्माबाहेर काढणारी वस्तू तलवार नाही, पाव आहे. आणि बाहेर काढणारे हात पाव टाकणाऱ्याचे नसून शेजाऱ्यांचे आहेत.

१६/
म्हणजे भाजलेला गहू येथे निव्वळ अन्न राहिला नाही, तो सीमारेषा बनला. परक्या हाताने, आंबवून, भट्टीत भाजलेला पदार्थ खाणे हे कोण कुठल्या बाजूचा आहे याचे प्रमाण ठरू लागले. ज्या वस्तूमुळे घर तुटते, ती वस्तू शेजारच्या घरात सहज झिरपत नाही.

१७/
ही भीती किती दीर्घायुषी होती, याचा दाखला वसई जिंकल्यानंतर दीडशे वर्षांनी पुण्यात मिळतो. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमानंतर पाहुण्यांपुढे चहा आणि बिस्किटे आली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक होते. उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापली गेली आणि ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ताचा वाद दीर्घकाळ चालला.

१८/
उच्चशिक्षित, सर्वमान्य पुढाऱ्यांना १८९० मध्ये एका बिस्किटाने संकटात टाकले असेल, तर सोळाव्या-सतराव्या शतकातल्या सामान्य शेतकऱ्यासाठी भट्टीतली वस्तू किती धोक्याची असेल, याची कल्पना करता येते. वसईत गॅलेटसारखा पदार्थ का रुजला नाही, याचे उत्तर पाककृतीइतकेच या सामाजिक भयातही आहे.

१९/
मग फळ भाजले जातच नव्हते का? अवश्य जात होते. केवळ त्याचे तंत्र वेगळे होते. तांदळाच्या पिठाला स्वतःचा आधार नसतो, म्हणून कोकणाने त्याला बाहेरून आधार दिला: केळीच्या पानाचा.

२०/
पानगी हे त्याचे सर्वांत सुटसुटीत उदाहरण. तांदळाच्या पिठात पिकलेले केळे कुस्करायचे, गूळ आणि चिमूटभर मीठ घालायचे, पीठ केळीच्या पानावर थापायचे, वर दुसरे पान झाकायचे आणि तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजायचे. पान करपते, आतली पानगी शिजते आणि तिला पानाचा खमंग वास लागतो. साचा नाही, भट्टी नाही, आकार हाताला येईल तसा. ‘रस्टिक’ या विशेषणाला याहून चोख उदाहरण शोधावे लागणार नाही.

२१/
वसई आणि पालघरच्या वाडवळ घरांतली पानमोडी याच कुळातली. तांदळाचे पीठ, गूळ आणि त्याला केळीच्या पानाचे वेष्टन. पान येथे एकाच वेळी भांडे, साचा, झाकण आणि सुगंध अशा चारही भूमिका बजावते. भोजनानंतर ते गुरांपुढे किंवा बागेत जाते. धुवायला काही उरत नाही.

२२/
याखेरीज कोकणाला ‘खाली-वर विस्तव’ ठाऊक होता. तवसे म्हणजे मोठी काकडी किसून, तांदळाच्या कण्या किंवा रवा आणि गूळ मिसळून ते मिश्रण जाड बुडाच्या पातेल्यात ओतायचे; पातेले मंद निखाऱ्यांवर ठेवायचे आणि झाकणावरही निखारे पसरायचे. तयार होते ते धोंडस किंवा तवसळी. चहूबाजूंनी उष्णता देणारा हा घरगुती ओव्हनच होता.

२३/
गोव्यात या तंत्राने पोर्तुगीज कल्पनाही आत्मसात केल्या. बेबिंकचा प्रत्येक थर वरून निखारे देऊन भाजतात. रवा आणि नारळाच्या ‘बाथ’ या केकवर पिठाच्या पट्ट्यांची जाळी घालण्याची रीत आहे. युरोपीय फळपोळीवरच्या जाळीशी तिचे साम्य लक्षात यावे असे आहे. फक्त आत सफरचंदाऐवजी नारळ आहे. वसई-मुंबईच्या ईस्ट इंडियन घरांतला ‘थाळी स्वीट’ हा रवा-नारळाचा भाजीव पदार्थ याच नात्यातला.

२४/
आणि गॅलेटची ती दुमडलेली कड? तीही मराठी स्वयंपाकाला परकी नाही. करंजीची कड बोटांनी दुमडत नेण्याला मराठीत ‘मुरड घालणे’ म्हणतात. हिंदू घरांत दिवाळीला करंजी होते, ख्रिस्ती घरांत नाताळला नेवरी. सारण बहुधा नारळाचेच, कड तशीच बंद. ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीज, पण मुरड घालणारा हात येथलाच. धर्म बदलला तरी बोटांची सवय बदलली नाही.

२५/
फळांचे टोपलेही या काळात बदलले. अननस, पपई, पेरू, काजू ही अमेरिका खंडातून आलेली झाडे पोर्तुगीजांच्या सागरी मार्गांनी या किनाऱ्यावर पसरली. त्यांची मराठी नावेच त्यांचा प्रवास सांगतात. मध्य अमेरिकेतला चिकू पुढे पालघर जिल्ह्याचीच ओळख झाला आणि डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे परकी फळे निर्वेधपणे स्वीकारली गेली, परकी भट्टी मात्र नाही. फळ झाडावरून येते, त्याला कोणाचा हात लागलेला नसतो. शुद्धाशुद्धतेच्या चौकटीत हा भेद निर्णायक होता.

२६/
या साऱ्यांत वसईचा सर्वोत्कृष्ट आविष्कार मात्र विस्तवाशिवाय घडला. त्याचे नाव सुकेळी. राजेळी ही मोठी, घट्ट गराची केळ्याची जात. पूर्ण पिकलेली राजेळी सोलून उंच मांडवावर अनेक दिवस कडक उन्हात वाळवतात. रात्री दवापासून जपतात. हळूहळू फळातले पाणी उडते, साखर घट्ट होते, रंग गडद तपकिरी होतो. शेवटी केळीच्याच वाळलेल्या पानांत ती बांधतात. वरून साखर नाही, तूप नाही, कसलेही मिश्रण नाही.

२७/
१८८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या ठाणे जिल्हा गॅझेटिअरमध्ये केळ्यांच्या अनेक जाती नोंदवल्या आहेत आणि आगाशीच्या केळ्यांची, विशेषतः वाळवलेल्या केळ्यांची कीर्ती सांगितली आहे. आगाशी आज वसई-विरार महापालिकेच्या हद्दीत आहे. ब्रिटिश अधिकाऱ्याने नोंद घ्यावी इतका हा व्यवसाय नावाजलेला होता.

२८/
सुकेळीचे अर्थशास्त्र साधे पण चतुर आहे. पिकलेला घड चार-सहा दिवसांत नासतो. वाळवलेले केळे महिनोन्‌महिने टिकते, वजनाला हलके होते आणि दूर पाठवता येते. १८६०च्या दशकात बी. बी. अँड सी. आय. रेल्वे वसईतून धावू लागली, तेव्हा येथील केळी, भाजीपाला, विड्याची पाने आणि फुले मुंबईच्या बाजारात वेगाने पोहोचू लागली. लोहमार्गाने वसईला मुंबईचे परसदार बनवले.

२९/
पण त्याच लोहमार्गाने पुढे परसदाराचे उपनगर केले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईतली घरे परवडेनाशी झाली आणि लोकवस्ती उत्तरेकडे सरकली. २०११च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांच्या वर गेली. महापालिका २००९ मध्ये स्थापन झाली, तर पालघर हा स्वतंत्र जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी.

३०/
केळीला सर्वांत जास्त हवे असते ते गोडे पाणी. वसईची बागाईत विहिरींवर आणि बावखलांवर उभी होती. बावखल म्हणजे पावसाचे पाणी साठवणारे बागेतले खोलगट तळे. विहिरींतून वाजवीपेक्षा जास्त उपसा झाला की समुद्राजवळच्या जमिनीत गोड्या पाण्याची पातळी खाली जाते आणि खारे पाणी आत सरकते. बावखले बुजवली की पुनर्भरण थांबते. झाड तोडण्याची गरजच पडत नाही. पाणी खारावले की बाग आपोआप मरते.

३१/
१९८०च्या दशकाच्या अखेरीस या प्रश्नावर हरित वसई संरक्षण समितीचे आंदोलन उभे राहिले. त्याचे नेतृत्व फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी केले. ते ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते आणि पुढे २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. पाणी, जमीन आणि हिरवा पट्टा वाचवण्याच्या या लढ्यात ख्रिस्ती आणि हिंदू शेतकरी एकत्र होते. ज्या भूमीत एकेकाळी पावाने माणसे विभागल्याची कथा सांगितली गेली, तेथेच विहिरीच्या पाण्याने त्यांना एकत्र आणले.

३२/
दरम्यान भट्टीवरचे जुने सावट विरून गेले होते. मुंबईच्या गिरणगावाने पावाला श्रमिकांचे अन्न बनवले. इराणी हॉटेलांनी मस्का-पाव सर्वांना खाऊ घातला. १९६०च्या दशकात दादरच्या परिसरात वडापाव अवतरला आणि अल्पावधीत तो मराठी अस्मितेचे प्रतीकच झाला. ज्या पावाने ‘बाटण्याची’ भीती होती, तोच पाव ओळख ठरला. सामाजिक निषिद्धे किती ठाम भासतात आणि किती निमूटपणे मावळतात, याचे हे बोलके उदाहरण.

३३/
घरातले अडथळेही एकेक करून दूर झाले. यंत्रगिरण्यांनी मैदा स्वस्त केला. १९५८ मध्ये गोदरेजने देशात तयार झालेला शीतकपाट बाजारात आणला आणि कालांतराने मध्यमवर्गीय घरात लोणी थंड राहू लागले. ओव्हन येण्याआधीही गृहिणींनी कुकरमध्ये वाळू किंवा मीठ पसरून केक भाजले. खाली-वर विस्तवाच्या युक्तीचीच ती नवी आवृत्ती. २०२०च्या टाळेबंदीत तर घरगुती बेकिंग असंख्य कुटुंबांत पोहोचले.

३४/
म्हणून आज वसईत गॅलेट करणे शक्य आहे आणि त्याचे प्रमाणही सोपे आहे. २०० ग्रॅम मैद्यात १०० ग्रॅम थंड लोण्याचे तुकडे बोटांच्या टोकांनी चोळावेत. वाटाण्याएवढे कण दिसत राहिले पाहिजेत. चिमूटभर मीठ आणि ३ ते ४ चमचे बर्फाचे पाणी घालून गोळा जुळवावा, तिंबू नये. अर्धा तास शीतकपाटात ठेवावा. तिंबल्याने ग्लूटेन घट्ट होते आणि कवच चामट बनते.

३५/
सुमारे ३० सेंटिमीटरची पोळी लाटावी. मध्यभागी चमचाभर तांदळाचे पीठ भुरभुरावे; ते फळांचा रस शोषून घेते. त्यावर राजेळी केळ्याच्या किंवा घट्ट चिकूच्या फोडी, थोडा गूळ आणि दालचिनी. राजेळीचा गर पिष्टमय असल्याने भाजताना ती आकार टिकवते. साध्या पिवळ्या केळ्याचा लगदा होतो. मग ४ ते ५ सेंटिमीटरची कड आत घेऊन मुरड घालावी आणि २०० अंशांवर ३५ ते ४० मिनिटे, कड सोनेरी होईतो भाजावे.

३६/
या एका ताटात चार इतिहास एकत्र येतात. गव्हाची पोळी भट्टीच्या परंपरेतली. दालचिनी घातलेले भाजके केळे गार्सिया द ओर्ताच्या १५६३च्या ग्रंथातले. मुरड करंजी-नेवरीतली. तांदळाचे पीठ पानगीतले. पदार्थ नवा दिसतो, पण त्यातला जवळजवळ प्रत्येक घटक या मातीत आधीच हजर होता. त्यांना एकत्र यायला पाचशे वर्षे लागली, कारण मध्ये उष्ण हवा होती, महाग इंधन होते आणि माणसांची परस्परांविषयीची भीती होती.

३७/
येथे आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी. पानगी, पानमोडी, धोंडस, सुकेळी यांची निर्मिती प्रामुख्याने स्त्रियांच्या हातून झाली. किल्ल्याचे तह, वेढे आणि तोफा यांची कागदपत्रे अभिलेखागारांत सुरक्षित आहेत. निखारे झाकणावर किती वेळ ठेवायचे, केळे कधी उलटायचे, हे ज्ञान मात्र आजीकडून नातीकडे तोंडी गेले. ज्याची नोंद झाली नाही, ते एका पिढीच्या खंडाने नाहीसे होऊ शकते.

३८/
आज धोका गॅलेटला नाही. मैदा, लोणी आणि ओव्हन कोणत्याही शहरात मिळतात. धोका राजेळीला आहे. तिची बाग कमी झाली, सुकेळी करणारी घरे मोजकी उरली, बावखले बुजत चालली. भट्टी नसतानाही वसईने फळ भाजण्याचे आणि टिकवण्याचे मार्ग शोधले. पण फळच नसेल तर ओव्हनचा उपयोग काय?

३९/
स्थानिक इतिहासाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या तरुणांसाठी यातून एक काम पुढे येते आणि त्यासाठी अभिलेखागारात जावे लागत नाही. घरातल्या वा गावातल्या वृद्ध स्त्रीला विचारून एका पदार्थाची कृती मोजमापांसह, तिच्याच बोलीत लिहून काढावी: कोणते पान, कोणती जात, किती निखारे, कोणत्या सणाला. सामवेदी, वाडवळी, कोळी, आगरी अशा बोलींत या कृतींचे स्वतंत्र शब्द आहेत. तो शब्द लिहिला गेला की पदार्थाचा पुरावा निर्माण होतो.

४०/
सारांश: वसईत फळपोळी रुजली नाही, ती येथल्या लोकांना कल्पकता नव्हती म्हणून नव्हे. त्यांची कल्पकता पानात, निखाऱ्यात आणि उन्हात व्यक्त झाली. भट्टीने काही काळ माणसांत भिंत उभी केली. केळीचे पान मात्र हिंदू आणि ख्रिस्ती, दोन्ही घरांत सारखेच पसरले गेले. वसईच्या खाद्येतिहासाचे खरे सूत्र त्या पानावर आहे, आणि ते पान हिरवे राहण्यासाठी विहिरीचे पाणी गोडे राहायला हवे.

(धागा समाप्त)